हजेरीपटात न दिसणारी भूक

सकाळचे दहा वाजून गेलेले असतात. शाळेच्या मैदानावर परिपाठ चालू असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, ठळक बातम्या असे करत मुलांना पंधरा-वीस मिनिटे उभे राहावे लागते. पावसाने दडी मारलेली असली की जुलैतही ऊन चटका देते. अशा वेळी सहावी-सातवीच्या रांगेतली एखादी मुलगी हळूच खाली बसते. बाई जवळ जातात, सावलीत नेतात, पाणी देतात. ‘सकाळी काय खाल्लंस?’ या प्रश्नाला ‘चहा’ एवढेच उत्तर येते. ‘आणि चहाबरोबर?’ यावर ती खाली बघत राहते.

हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्यासारख्या गावात शिकवणाऱ्या शिक्षकांना हे दृश्य नवे नाही. आई-वडील सकाळीच रोजाने कामाला गेलेले असतात. घरात झालेल्या चार भाकरी त्यांच्याबरोबर शेतात जातात. मागे राहिलेली मुलगी धाकट्या भावाचे आवरते, पाणी भरते, चहात एखादे बटर बुडवून खाते आणि शाळा गाठते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘हजर’ अशीच नोंद होते. ती काही खोटी नसते, पण अपुरी असते. मुलगी वर्गात असते आणि तिचे लक्ष मात्र दुपारच्या सुट्टीच्या घंटेकडे असते.

मुलांच्या आजारपणाची आणि कुपोषणाची चर्चा सहसा दवाखान्यापासून सुरू होते. खरे तर तिची सुरुवात वर्गातून व्हायला हवी. डॉक्टरला मूल वर्षातून एकदा-दोनदा, तेही पाच-दहा मिनिटे दिसते. शिक्षकाला ते वर्षातले दोनशेहून अधिक दिवस दिसते. स्वयंपाकाच्या ताईंना तर कोणते मूल दुसऱ्यांदा भात मागते, कोणते सोमवारी अधाशासारखे जेवते आणि कोणते ताटातली उसळ धाकट्या भावासाठी डब्यात भरून नेते, हेही ठाऊक असते. गरिबीच्या खुणा सर्वांत आधी टिपणारी माणसे हीच.

कुरुंदा आणि परिसर

कुरुंदा हे वसमत तालुक्यातले मोठे गाव. जवळच टोकाईचा गड, आणि त्याच नावाचा सहकारी साखर कारखाना. वसमतची बाजारपेठ हळदीसाठी प्रसिद्ध आहे आणि २०२४ मध्ये ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हिंगोली जिल्हा मात्र प्रामुख्याने ग्रामीण आणि कोरडवाहू राहिला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि दर शंभरांतले सुमारे ८५ लोक खेड्यांत राहत होते. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांच्या शेतात हळद आणि ऊस दिसतो. ज्यांच्याकडे जमीनच नाही, ते दुसऱ्यांची हळद काढतात, शिजवतात, कापूस वेचतात किंवा दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेरगावी जातात. या कामांचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही. त्याची किंमत मूल मोजते.

उपाशी मेंदू

प्रौढ माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असतो, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर वापरत असलेल्या ऊर्जेपैकी जवळपास २० टक्के ऊर्जा तो घेतो. लहान मुलांमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त असते. पाच वर्षांच्या आसपास तर विश्रांतीतल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा एकट्या मेंदूला लागते. ही ऊर्जा मुख्यतः रक्तातल्या साखरेतून येते. रात्रभराच्या उपासानंतर यकृतातला साखरेचा साठा कमी झालेला असतो, आणि लहान मुलांमध्ये तो मुळातच लहान असतो. रात्री आठला जेवलेले मूल सकाळी फक्त चहा पिऊन आले आणि थेट दुपारी एकला जेवले, तर मधला काळ सतरा तासांचा होतो. या काळात शरीर चरबी आणि स्नायू वापरून कशीबशी साखर टिकवते, त्यामुळे मूल सहसा कोसळत नाही. ते मलूल होते, चिडचिडे होते, त्याला पाढे आठवत नाहीत. वर्गात याला ‘आळशीपणा’ म्हटले जाते.

जमैकातल्या ग्रामीण शाळांत झालेला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत बोलका आहे. काही मुलांना वर्षभर शाळेत न्याहारी दिली गेली आणि तुलनेसाठी इतरांना संत्र्याची फक्त एक फोड. न्याहारी मिळालेल्या मुलांची हजेरी थोडी वाढली, वजन-उंची सुधारली आणि लहान वर्गांतल्या मुलांची गणितातली प्रगतीही चांगली झाली. फरक फार मोठा नव्हता. पण रोज सकाळच्या एका न्याहारीने हजेरी, वजन आणि गणित या तिन्ही गोष्टी हलल्या, हे महत्त्वाचे.

दुपारचे ताट

आपल्याकडे शाळेत पोषण आहार देण्याची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सुरुवातीला महाराष्ट्रात मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश दिला आणि शाळांच्या आवारात चुली पेटल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क झाले. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. सहावी ते आठवीसाठी तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम, म्हणजे ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने.

कागदावरचे हे ग्रॅम ताटात उतरवायचे काम मुख्याध्यापक आणि स्वयंपाकी-मदतनीस करतात. इंधन आणि भाजीपाल्याचे पैसे वेळेवर आले नाहीत की गावातल्या किराणा दुकानात उधारी होते, आणि ती बहुधा मुख्याध्यापकांच्या नावावर असते. मोठमोठी पातेली उचलणाऱ्या, सकाळपासून धुरात किंवा गॅसजवळ उभ्या असणाऱ्या स्वयंपाकी महिलांचे मानधन तुटपुंजे आहे. यातल्या अनेकजणी त्याच गावातल्या गरीब घरांतल्या असतात. पोरांच्या ताटात डाळ घट्ट राहते की पातळ होते, हे त्यांच्या हातावर आणि वेळेवर पोहोचणाऱ्या निधीवर ठरते.

या जेवणाचा परिणाम एका पिढीपुरता नाही, असे आता दिसू लागले आहे. भारतातल्या माध्यान्ह भोजनावर २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलींना प्राथमिक शाळेत हे जेवण मिळाले होते, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक चांगली असल्याचे त्यात आढळले. शिक्षण वाढणे, लग्न उशिरा होणे, मुले कमी होणे आणि दवाखान्याचा वापर वाढणे ही त्यामागची काही कारणे सांगितली गेली. आज शाळेत वाढलेली उसळ आणखी पंधरा वर्षांनी जन्माला येणाऱ्या बाळापर्यंत पोहोचू शकते, असा याचा अर्थ.

ताटातल्या त्रुटीही सांगायला हव्यात. तांदळावर भर असल्याने पोट भरते, पण लोह आणि उत्तम दर्जाची प्रथिने कमी पडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय घेतला. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. जानेवारी २०२५ मध्ये यासाठीचा राज्याचा निधी थांबवण्यात आला आणि लोकवर्गणीतून शक्य असेल तिथे अंडे द्यावे, असे ठरले. ज्या गावात वर्गणी जमते तिथे मुलांना अंडे मिळेल. जिथे गरज सर्वांत जास्त आणि खिसे रिकामे, तिथे ते मिळणे अवघड.

रक्त कमी, म्हणून मन लागत नाही

पोट भरलेले असूनही मूल थकलेले दिसते, तेव्हा रक्तक्षयाचा विचार करावा लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. शाळकरी वय या दोन टोकांच्या मधले. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅमपेक्षा आणि बारा ते चौदा वर्षांच्या मुलांत १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर रक्तक्षय समजला जातो.

लोह कमी झाले की आधी मेंदूवर आणि स्नायूंवर परिणाम होतो, चेहऱ्यावरचा फिकटपणा नंतर दिसतो. खेळाच्या तासाला लवकर धाप लागणे, माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खाण्याची सवय, वारंवार डोके दुखणे या खुणा शिक्षकांना सहज दिसतात. आईला त्या ‘खोड’ वाटतात.

यावरचा उपाय शाळेतच आहे. २०१३ पासून दहा ते एकोणीस वर्षांच्या मुला-मुलींना आठवड्यातून एक निळी गोळी देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी कमी मात्रेची गुलाबी गोळी आहे. जोडीला जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची असते, कारण हुकवर्मसारखे जंत आतड्यातून रक्त शोषतात आणि अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात.

गोळीचे यश मात्र ती कशी दिली जाते यावर ठरते. उपाशीपोटी दिली की मळमळते. दोन मुलांना उलटी झाली की घराघरांत निरोप जातो आणि पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग गोळी खिडकीबाहेर टाकतो. म्हणून ती दुपारच्या जेवणानंतर, शिक्षकांसमोर घ्यावी. शौचाचा रंग काळपट होतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे मुलांना आधी सांगावे. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, कारण चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही. लिंबू, पेरू, आवळा यांतले ‘क’ जीवनसत्त्व मात्र लोह शोषायला मदत करते. शिक्षकाने स्वतः मुलांदेखत एक गोळी घेतली, तर भीती निम्मी कमी होते.

वही, चप्पल, चष्मा आणि पॅड

मूलभूत गरजा अन्नापाशी संपत नाहीत. फाटका गणवेश घालून शाळेत यायची लाज वाटते म्हणून मूल पोटदुखीचे कारण सांगते. जुलै २०२३ पासून सरकारी शाळांतल्या मुलांना गणवेशाबरोबर बूट आणि पायमोजेही देण्याचे ठरले. ही चैन नाही, आरोग्याचे साधन आहे. हुकवर्म, जखमा, धनुर्वात, विंचूकाटा या साऱ्यांपासून पायाला संरक्षण मिळते.

दृष्टिदोषाचेही तसेच. फळ्यावरचे न दिसणारे मूल आपल्याला दिसत नाही असे सांगत नाही. सगळ्यांना तेवढेच दिसते, असे त्याला वाटते. ते शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहिते आणि ‘नकलाखोर’ ठरते. सहा मीटरवरून अक्षरांचा तक्ता वाचायला लावण्याची साधी चाचणी शिक्षक वर्गातच घेऊ शकतात. पुढचे काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचे. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर इथून देशभर सुरू झाला. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे पथक शाळेत वर्षातून किमान एकदा येते. चष्म्यापासून हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत उपचार त्यातून मोफत होऊ शकतात. पथक येते त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची यादी शिक्षकांनी वेगळी ठेवावी. सर्वांत जास्त गरज बहुधा त्याच यादीत असते.

वयात आलेल्या मुलींची गैरहजेरी तारखांवरून ओळखता येते. दर महिन्याला ठरावीक तीन-चार दिवस नाव कोरे राहते. राज्याने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजनेतून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी पाच रुपयांत आठ पॅडचे पाकीट आणले. पॅड आले तरी पाणी, दाराला कडी असलेले स्वच्छतागृह आणि वापरलेले पॅड टाकायची जागा या तीन गोष्टी नसतील तर मुलगी घरीच थांबते. शाळेतल्या बाईंच्या टेबलाच्या खणात दोन पॅड आणि एक जादा सलवार ठेवलेली असेल, आणि ती न विचारता मिळते हे मुलींना माहीत असेल, तर कितीतरी दिवस वाचतात.

पैशांची मदतही आहे, पण ती कुठे थांबली आहे तेही पाहावे. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू झाला. दिवसाला एक रुपया. तेव्हा त्या रुपयाला काही अर्थ होता. पुढे तीन दशके उलटली आणि भाव अनेक पटींनी वाढले, तरी भत्ता तिथेच राहिला.

पूर येतो, कोयता लागतो

गरीब घराचा तोल किती नाजूक असतो, हे संकटात कळते. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने कुरुंद्यात पुराचे पाणी घराघरांत शिरले. शाळा सुरू होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. अशा पुरात कणगीतले धान्य भिजते, चूल विझते, नवी पुस्तके आणि एकुलता गणवेश चिखलात जातो. पाणी ओसरल्यावर पंचनामे होतात, त्यात घर आणि जनावरे मोजली जातात. दप्तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. पाण्यातून पसरणारे जुलाब, कावीळ, त्वचारोग पुढचे काही आठवडे मुलांना गाठतात. शाळा लवकर उघडणे, तिथे उकळलेले किंवा क्लोरीन टाकलेले पाणी आणि गरम जेवण मिळणे ही तेव्हाची पहिली आरोग्यसेवा असते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा हेच दिसले. जेवणाऐवजी तांदूळ आणि कडधान्याचे वाटप झाले, आणि ते घरोघरी पोहोचवण्याचा भार गावोगावच्या शिक्षकांनी उचलला.

दुसरे संकट दरवर्षी ठरलेल्या वेळी येते. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की ‘कोयत्या’बरोबर मुलेही जातात. फडावर शाळा नाही, ताट नाही, लसीकरण आणि गोळ्या नाहीत. त्यावर मराठवाड्यात हंगामी वसतिगृहांचा उपाय केला गेला. मूल गावातच आजी-आजोबांकडे राहते आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्याला हंगामभर सकाळ-संध्याकाळ जेवण मिळते. जी मुले आई-वडिलांबरोबर जातातच, त्यांना शिक्षण हमी पत्रक दिले जाते, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत त्यांना विनाअट बसता यावे. हे सगळे वेळेवर व्हायचे तर शिक्षकांना दिवाळीच्या आधी वस्तीवर जाऊन यादी करावी लागते. टोळी गेल्यावर मंजूर झालेले वसतिगृह रिकामेच राहते.

सुट्टीत काय घडते, याचा जुना दाखला इंग्लंडमध्ये सापडतो. तिथे १९०६ मध्ये शाळांतून जेवण देण्याचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड शहराचे शालेय वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्राउली यांनी चाळीस गरीब मुलांना काही आठवडे शाळेत न्याहारी आणि जेवण दिले आणि नियमित वजने घेतली. जेवण मिळाले तेव्हा वजन वाढले, मधल्या सणाच्या सुट्टीत ते घटले, आणि शाळा उघडल्यावर पुन्हा वाढले. वजनकाट्याने घरची परिस्थिती सांगून टाकली. आपल्याकडचा कायदाही शाळेच्या सुट्ट्या वगळूनच जेवणाचा हक्क देतो. दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले, आणि महाराष्ट्रातल्या दुष्काळी तालुक्यांत ते दिलेही गेले. दुष्काळ जाहीर न झालेल्या गावात मात्र भूमिहीन मजुराच्या घरातला मे महिना दुष्काळाचाच असतो.

नववीत गेल्यावर

या साऱ्या जाळ्यातले सर्वांत मोठे भोक आठवीनंतर आहे. महाराष्ट्रात शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. मुलगी नववीत गेली की ताट थांबते. वैद्यकीयदृष्ट्या ही वेळ अगदी चुकीची आहे. तेरा ते सोळा या वयात शरीराची वाढ चालू असते, पाळी स्थिरावत असते, दर महिन्याला रक्तातून लोह जात असते. नेमक्या याच वर्षी शाळा लांबची होते, चालणे वाढते, दहावीचा अभ्यास येतो, आणि घरात लग्नाचा विषय निघू लागतो. आठवीपर्यंत ‘जेवायला तरी मिळतंय’ म्हणून शाळेत धाडली जाणारी मुलगी नववीत घरच्यांना शेतावर अधिक उपयोगी वाटते.

शेजारच्या कर्नाटकात आणि तेलंगणात राज्य सरकारे स्वतःच्या पैशाने नववी-दहावीलाही जेवण देतात. तमिळनाडूने तर सप्टेंबर २०२२ पासून पहिली ते पाचवीला सकाळची न्याहारी सुरू केली. आपल्याकडे हे होईपर्यंत शाळांना स्वतःचे मार्ग काढावे लागतात. एकाच आवारात प्राथमिक आणि माध्यमिक वर्ग असतील तर तिथिभोजनाचा उपयोग होतो. वाढदिवस, बारसे, पुण्यतिथी अशा निमित्ताने गावकरी शाळेत जेवण किंवा फळे देतात, त्यात नववी-दहावीच्या मुलींनाही बसवता येते. शेंगदाण्याचा मूठभर लाडू, उकडलेले अंडे, परसबागेतल्या शेवग्याची भाजी, भिजवलेले हरभरे ही महाग नसलेली आणि या मातीत सहज मिळणारी पोषक शिदोरी आहे.

मदत अशी, की कुणाला कळू नये

महाराष्ट्राला याची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या जेवणासाठी पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. त्या वसतिगृहाची दुसरी शिकवणही तेवढीच मोठी होती. सगळी मुले एका पंगतीत बसत, आणि कामातून शिकत. फुकट जेवणारा कोण आणि देणारा कोण, हा भेद पंगतीत उरत नसे.

आजही मदतीचा खरा कस तिथेच लागतो. ‘गरीब मुलांनी हात वर करा’ असे म्हणून वह्या वाटल्या, आणि वाटतानाचे छायाचित्र काढले, की पुढच्या वेळी गरजू मूल हात वर करत नाही. त्यामुळे जे द्यायचे ते शक्यतो सगळ्या वर्गाला द्यावे. एकालाच द्यायचे असेल तर सुट्टीत, एकट्याला, एखादे काम सांगून झाल्यावर द्यावे. शाळेच्या कपाटात चप्पल, वह्या, साबण, कंगवा, पॅड यांचा छोटा साठा असावा आणि त्याची नोंद वस्तूंची ठेवावी, मुलांच्या नावांची यादी भिंतीवर नको. शिक्षकाच्या खिशातून होणारी मदत मनापासूनची असते, पण त्याची बदली झाली की ती संपते. समितीच्या बैठकीत ठरलेली, कपाटात ठेवलेली आणि दोघांना चावी माहीत असलेली मदत टिकते.

शिक्षकांनी डॉक्टर व्हावे, अशी अपेक्षा नाही. निवडणुका, पाहण्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यात त्यांचा वेळ आधीच जातो. त्यांनी काय पाहायचे आणि कुठे पाठवायचे, एवढे स्पष्ट असले तरी पुरे. तळहात आणि पापणीची आतली बाजू फिकट दिसणे, धाप लागणे, संध्याकाळी ठेचकाळणे, कान वाहणे, बोटांच्या बेचक्यांत रात्री वाढणारी खाज, दोन-तीन महिन्यांत कपडे सैल होण्याइतके वजन उतरणे, परिपाठात वारंवार चक्कर येणे, यातले काहीही दिसले तर मुलाला आई-वडिलांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. चक्कर आलेल्या मुलाला आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत, पूर्ण शुद्धीवर आल्यावर साखर-मिठाचे पाणी किंवा गूळ-शेंगदाणे द्यावेत. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये. झटका आला, शुद्ध लवकर परतली नाही किंवा छातीत दुखत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आरोग्य केंद्राचेही एक कर्तव्य आहे. शिक्षकाने पाठवलेल्या मुलाचे पुढे काय झाले, याचा निरोप शाळेत परत गेला पाहिजे. हिमोग्लोबिन किती निघाले, गोळ्या किती दिवस द्यायच्या, पुन्हा कधी तपासायचे, हे चिठ्ठीवर दोन ओळींत लिहून देता येते. अशी चिठ्ठी हातात पडली की शिक्षक पुढच्या दहा मुलांना पाठवतो. उत्तरच आले नाही, तर तो पाठवणे थांबवतो.

आणि परिपाठातली ती मुलगी? तिला उद्यापासून करता येण्याजोगे बरेच आहे. वर्गात येताच सगळ्या मुलांना मूठभर भिजवलेले हरभरे किंवा शेंगदाणे-गूळ. दुपारी जेवणानंतर आठवड्याची निळी गोळी. पुढच्या भेटीत आरोग्य पथकाकडून रक्ततपासणी. आणि वर्गशिक्षिकेने हजेरी घेताना नावाबरोबर रोज विचारलेला एक साधा प्रश्न, ‘खाऊन आलीस का?’ काही दिवसांनी मुलगी या प्रश्नाचे खरे उत्तर देऊ लागेल. उपचाराची सुरुवात त्याच उत्तरापासून होते.